पावलेसाहेबाचं बी

आमचं आडनाव सूर्यवंशी,
एवढ्याच कारणावरून म्हणे
सूर्यफुलाची फाईल दादांच्या टेबलावर आली.
सत्तरचा उन्हाळा, लातूर,
कृषी खात्याची पत्र्याची खोली
आणि कोपऱ्यात कापडी पिशव्या अकरा.
वरची अक्षरं कुणाला वाचता येईनात.
एक तर चक्क उलटा 'आर',
आरशात बघून काढल्यासारखा.

दादा फाईल मोठ्यानं वाचायचे:
'मित्रराष्ट्राकडून सप्रेम.'
खाली बारीक टायपात परतफेड.
चहा, ताग, कातडी बूट.
'रुपयात घेतात, डॉलर मागत नाहीत, हे काय कमी?'
आजोबा पान लावता लावता म्हणाले,
'सोयरीक मोठ्या घरची.
हुंडा नको म्हणतेत,
म्हंजे मानपान जपून.'

मग साहेब स्वतःच आले. पाव्हेल असं काहीतरी नाव,
बोरगावच्या बायकांनी पहिल्याच दिवशी
पावलेसाहेब करून टाकलं.
मानेपर्यंत लाल, टोपीखाली ओला रुमाल.
काळ्या मातीचं ढेकूळ उचललं,
फोडलं, हुंगलं,
आणि दुभाष्याकडे न बघता डोळे पुसले.
आमच्याकडे अशीच असते, म्हणाले. अगदी अशीच.
तेवढं एक वाक्य सरकारी नव्हतं.

नंतरची सगळी होती.
आमच्या बायका ट्रॅक्टर चालवतात.
आमच्याकडे बांध नाहीत.
चांगुणाबाई खुरपं टेकवून उठली:
'मग रातच्या भाकरी कोण करतंय,
इचार की त्येला.'
दुभाष्यानं चष्मा पुसला.
बाई पाऊसपाण्याचं विचारताहेत,
असं कळवलं.

फुलं आली. सकाळी तोंडं उदगीरकडे,
संध्याकाळी बार्शीकडे.
माणसं बैलगाड्या करून बघायला.
तपासणी आधी पोपटांनी केली, मग आम्ही:
वरून टपोरं, दाबलं की फस्स.
पोचट.
मधमाशीला या पाहुण्याची ओळख नव्हती.
पावलेसाहेबांनी मलमलीचं फडकं घेतलं,
या फुलाच्या तोंडावरून त्या फुलाच्या तोंडावर,
ताप आलेल्या लेकराचं पुसावं तसं.
हे फडकं कुठल्याच करारात नव्हतं.
चांगुणाबाईनं थोडा वेळ बघितलं,
मग ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.
'सर बाजूला. असं नस्तंय.'

त्या वर्षी बी भरलं.

नऊ-दहा वर्षांनी, ऐन थंडीत,
रेडिओवर रणगाडे काबूलला पोचले.
दादा तोवर मैत्री संघाचे चिटणीस.
दिल्ली काय म्हणते ते ऐकायला
रात्रभर ट्रान्झिस्टर कानाशी.
दिल्ली जे म्हणाली
ते दुभाष्यानं सांगितल्यासारखं वाटलं.
पहाटे दादा बोलले, माझ्याशी नाही, खिडकीशी:
'कवळं असेस्तोवर फूल फिरतं.
दाणा भरला, मान जड झाली, की थांबतं.
आपण स्वतःला अलिप्त म्हणतो.
आपला दाणा कुणी दाबून बघितलाय?'
चहावर साय धरली.
पावलेसाहेबांना लिहिलेलं पत्र त्यांनी टाकलं की फाडलं,
मला माहीत नाही.

आता त्या रानात सोयाबीन,
बांधापासून बांधापर्यंत.
भाव शिकागोला फुटतो, मोबाईलवर समजतो,
दुभाष्या लागत नाही.
तो देश त्या नावानं नकाशावर नाही. दादाही नाहीत.
चांगुणाबाई आहे.
मागच्या पाडव्याला गेलो तर
खुंटीला चक्का टांगलेला,
अकरांतल्याच एका पिशवीत.
धुऊन धुऊन सगळी अक्षरं गेलीत,
उलटा 'आर' तेवढा राहिलाय, फिकट,
त्याच्यातून थेंब थेंब पाणी गळायलंय.

'कसलं अक्षर हे, काय कळलं का कधी?'
'न कळायला काय झालं,' ती म्हणाली,
'त्येला "मी" म्हणतेत.
सायबानंच सांगितलं व्हतं,
दुभाष्या जेवायला गेला तवा.'